नॉर्वेजियन चर्चचं जुनं दप्तर हाती आलंय, सुरुवात कुठून करू?

मिनेसोटाकर

नमस्कार मंडळी. पश्चिम मिनेसोटातलं एक छोटं लुथरन चर्च बंद झालं आणि त्याचं दप्तर नऊ खोक्यांत भरून काउंटीच्या इतिहास मंडळाकडे आलं. मंडळ म्हणजे दोन खोल्या आणि आम्ही तीन स्वयंसेवक. वस्ती नॉर्वेहून आलेल्यांची, १८७० च्या आसपासची. खोक्यांत काय आहे ते लिहितो:

साधारण १४० पत्रं, बहुतेक १८७० ते १९१० मधली, जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात. काही घट्ट घड्या घातलेली, काहींची पाकिटं आहेत, काहींची नाहीत. चर्चच्या तीन चामडी बांधणीच्या नोंदवह्या. एकीच्या पुठ्ठ्यावर पांढरी भुकटी आहे. महिला मंडळाच्या सभांची इतिवृत्तं. दोन फोटो अल्बम, एक काळ्या पानांचा आणि एक १९७० च्या दशकातला चिकट पानांचा. एक कौटुंबिक बायबल, त्यात वर्तमानपत्रांची कात्रणं. २२ कॅसेट आणि दोन रिळं, १९७० च्या दशकात घेतलेल्या वृद्धांच्या मुलाखतींची. शिवाय रंगवलेली एक लाकडी पेटी, तिच्यावर 'ओले हान्सेन हौगेन १८६८'.

गावात नव्वदीच्या आसपासची चार-पाच माणसं अजून आहेत, लहानपणी घरात नॉर्वेजियन बोललेली. खर्चायला साधारण ५०० डॉलर. आधी कशाला हात लावायचा, हे वाचायचं कसं, आणि शेवटी ठेवायचं कुठे?

कागदवाली

आधी काय करायचं नाही ते सांगते. पत्रं तारखेप्रमाणे लावू नका. सगळ्यांचा पहिला मोह तोच असतो आणि त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कोणतं पत्र कुणाच्या गठ्ठ्यात, कोणत्या दोरीत बांधलेलं होतं, यावरूनच ते कोणत्या घरातलं हे कळतं. गठ्ठा मोडला की सही 'तुझा भाऊ ओले' एवढीच उरते, आणि त्या वस्तीत ओले पन्नास असतील. म्हणून प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, झाकण उघडल्यावर वरून फोटो काढा, एकेक थर उचलाल तसा पुन्हा फोटो. पाकीट आणि पत्र कधीही वेगळं करू नका. आतल्या पत्रावर बऱ्याचदा फक्त दिवस आणि महिना असतो, वर्ष आणि गाव टपालाच्या शिक्क्यावरच मिळतं. क्रमांक मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. पेन नको, चिकटचिठ्ठी तर अजिबात नको, तिचा गोंद कागदावर राहतो.

पांढरी भुकटी ही बहुतेक बुरशी. बोटाने नव्हे, कोरड्या ब्रशच्या टोकाने बघा: फरफटली, ओलसर वाटली तर जिवंत आहे, भुकटीसारखी उडाली तर सुप्त. दोन्ही वेळी ती वही आजच बाकीच्यांपासून वेगळी करा, पण प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आतली ओल आतच कोंडते. कागदात गुंडाळून वेगळ्या खोक्यात ठेवा. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणून पंधरा दिवस सुकू द्या. ६५ टक्क्यांच्या वर गेलं की बुरशी पुन्हा धरते. मग एन-९५ मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घालून, उघड्यावर, मऊ ब्रशने बांधणीपासून बाहेरच्या कडेकडे झाडा. व्हॅक्युम वापरलात तर हेपा फिल्टरवालाच, नळीच्या तोंडावर जाळी बांधून, कमीत कमी ओढीवर. ब्लीच, स्पिरिट, कडक ऊन यातलं काही नको. उन्हाने बुरशीपेक्षा शाईच लवकर मरते.

घड्या घातलेली पत्रं जोर लावून उघडली तर घडीवरच तुटतात. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी ओला करून पिळलेला टीपकागद, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर पत्रं, पाण्याचा थेंब कुठेही लागणार नाही अशी. झाकण लावून दोन-तीन तास, आणि दर अर्ध्या तासाला बघायचं. कागद मऊ पडला की उलगडून दोन टीपकागदांमध्ये, वर सपाट वजन, एक दिवस.

पण हे करण्याआधी शाई ओळखा. त्या काळातली पुष्कळशी शाई हिराकस आणि मायफळाची. ती काळाने तपकिरी होते, अक्षराभोवती पिवळट कडा दिसते, कधी अक्षराच्या जागी चक्क भोक पडलेलं असतं. असल्या पत्राला दमट हवा दाखवायची नाही, लोह आणि आम्ल ओलाव्याबरोबर पसरतं आणि कागद आणखी खातं. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते, ओल लागली की जांभळी होऊन फुटते. कुठेही एखादं अक्षर जांभळट दिसलं की ते पत्र डब्यात घालू नका. ही दोन प्रकारची पत्रं घडीतच राहू द्या आणि उघडेल तेवढंच वाचा. (मोडी कागदपत्रं हाताळलेल्यांनी तिथली सवय इथे आणू नये. ती काजळीची शाई. ती कागद खात नाही, मात्र पाण्याने धुऊन जाते. दुखणं वेगळं, पथ्य वेगळं.)

टाचण्या, क्लिपा, रबरबँड काढा. सेलोटेप ओढू नका, टेपखालचं अक्षर टेपबरोबर येतं. लॅमिनेशनचा विचारही नको, ते परत काढता येत नाही.

चिकट पानांचा अल्बम हा तुमच्या दप्तरातला सगळ्यात मोठा शत्रू. आधी प्रत्येक पानाचा अख्खा फोटो काढा, पानावरच्या मथळ्यांसकट. मग मेण नसलेला दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. फोटो वाकवायचा नाही, पान वाकवायचं. अडला तर थांबा आणि फोटोभोवती पान कापून घ्या. पाठीला पानाचा तुकडा राहिला तरी चालतो. काळ्या पानांचा अल्बम मात्र मोडू नका, तो क्रम कुणीतरी मुद्दाम लावलेला आहे. पानांमध्ये फोटोसाठी चालणारा पातळ आम्लविरहित कागद सरकवा, एवढं पुरे. पत्र्यावरचे जुने फोटो सापडले (लहानसं लोहचुंबक जवळ नेलं की कळतं) तर वाकवू नका आणि पुसू नका. लाख निघाली की खालचा पत्रा गंजतो.

बायबलमधली कात्रणं तिथेच ठेवली तर वर्तमानपत्राचं आम्ल पानावर तपकिरी चौकोन उमटवतं, तसे दिसतच असतील. काढा, पण कोणत्या पानातून काढलं ते कात्रणाच्या फोल्डरवर लिहा आणि त्या पानात आम्लविरहित कागदाची चिठ्ठी ठेवा. मृत्यूची नोंद असलेल्या पानातलं कात्रण म्हणजे बहुधा त्याच माणसाची मृत्युवार्ता.

रंगवलेल्या पेटीला तेल, पॉलिश, ओलं फडकं काही लावू नका. आतल्या बाजूला चिकटवलेला कागद असेल तर तसाच राहू द्या. आणि हौसेने तिच्यात पत्रं ठेवू नका, लाकडातून आम्लाची वाफ सुटते.

५०० डॉलर कुठे घालायचे? आम्लविरहित, लिग्निनविरहित फोल्डर आणि खोकी (फोटोंसाठी चुना नसलेली), पॉलिएस्टरचे पारदर्शक लखोटे (पीव्हीसी नको, वासावरून कळतं), आर्द्रता दाखवणारे दोन छोटे मीटर. सगळं आतल्या भिंतीजवळच्या कपाटात, १८ ते २० अंश, ३५ ते ४५ टक्के आर्द्रता. तळघर आणि माळा दोन्ही वर्ज्य. मिनेसोटातलं तळघर उन्हाळ्यात घामेजतं आणि माळा वर्षातून दोनदा उकळतो-गोठतो. बुरशीचं काम सोडलं तर हातमोजे फोटो आणि पत्र्यासाठीच. कागदाला धुऊन कोरडे केलेले हात बरे, सुती मोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं.

हौशी_वाचक

स्कॅनर नसेल तर फोनने काढलेले फोटो चालतील का? की ते काम पुन्हाच करावं लागतं?

पिक्सेलपंत

ओळख पटवण्यापुरते फोटो फोनने काढा, जतनासाठी नाही. फोन कडा वाकवतो, आपल्या मनाने अक्षरं धारदार करतो आणि फाइल दाबून लहान करतो. नोंदवह्या मात्र सपाट स्कॅनरवर उलट्या पाडायच्या नाहीत, बांधणी फुटते. त्यांच्यासाठी स्टँडला लावलेला चांगला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, आणि वही दोन उशांवर १२० अंशांपेक्षा जास्त न उघडता.

पत्रं ४०० पीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), २४ बिट रंगीत, टिफ फाइल. काळं-पांढरं स्कॅन करू नका, शाईची छटा आणि डाग हीसुद्धा माहिती आहे. फोटो ६००, खिशात मावणारे लहान फोटो १२००. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, कोरी दिसली तरी: स्टुडिओचं नाव आणि गाव तिथेच छापलेलं असतं. ए-फोर आकाराचं एक पान ४०० पीपीआयला साधारण ४६ एमबी होतं. १४० पत्रांची सरासरी चार पानं धरली तर २६ जीबीच्या आत. म्हणजे जागेची चिंता नाही, जेपेग करून वाचवण्यासारखं काही नाही.

फाइलच्या नावात खोकं, फोल्डर, वस्तू, पान असे फक्त आकडे ठेवा: ०१-०३-०३७-००२. (प्रत्यक्षात आकडे इंग्रजी.) माणसाचं नाव फाइलच्या नावात नको, उद्या तो दुसराच ओले निघतो. आणि नॉर्वेजियन अक्षरं तर नकोच. डोक्यावर कडं असलेला 'ए' संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो, एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेलं की एकाच फाइलच्या दोन फाइली दिसायला लागतात. नावं, गावं, तारखा तक्त्यात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. चेकसम (फाइल बदलली का ते दाखवणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा जुळवा. त्याशिवाय 'कॉपी आहे' याला काही अर्थ नाही.

रीळवाला

कॅसेट वाजवण्याआधी एक गोष्ट करा: वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा. ते शाबूत असतील आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर १९७० च्या दशकातला एकुलता एक आवाज पुसला जातो.

मग कॅसेट हलवून बघा, आतली चकती मोकळी फिरते का. मधोमध फीत दाबून धरणारी छोटी नमद्याची गादी असते. तिचा गोंद सुटून ती पडलेली असेल तर आवाज बुळबुळीत, दबका येतो, आणि लोक समजतात की फीत खराब झाली. गादी बदलता येते, किंवा फीत दुसऱ्या, स्क्रूने जोडलेल्या कवचात घालता येते. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून ताण सारखा करा. डेकचं हेड (फीत वाचणारा भाग) दर दोन कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला जुळवा: छोटा स्क्रू असतो, 'स' आणि 'श' सगळ्यात स्वच्छ ऐकू येईपर्यंत केसभर फिरवायचा. म्हाताऱ्या माणसाच्या नॉर्वेजियन बोलीत शब्दाचं टोक ऐकू आलं नाही तर उतरवणाऱ्याचे हाल होतात. कॅसेटवर डॉल्बी (खरखर कमी करायची सोय) लिहिलेलं नसेल तर डॉल्बी बंद.

संगणकावर उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला सुमारे २ जीबी, २२ तासांचे ४६. मूळ फाइलवर खरखर काढण्याचे प्रयोग करू नका. अमेरिकेतल्या विजेची ६० हर्ट्झची घरघर ऐकायच्या प्रतीतून काढा, मुळात राहू द्या.

रिळं आधी उजेडासमोर धरा. गठ्ठ्यातून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरचा वास येत असेल तर ते रीळ आजच वेगळं करा आणि व्यावसायिकाकडे पाठवा. त्या दशकातलं पॉलिएस्टर रीळ वाजवताना किंचाळलं किंवा हेडवर तपकिरी चिकटा सोडला तर ताबडतोब थांबवा: फितीचा बांधणारा थर ओल पिऊन चिकट झालेला असतो. त्यावर उपाय म्हणजे सुमारे ५४ अंशांवर आठेक तास शेकणं, पण ते तापमान राखणाऱ्या प्रयोगशाळेच्या पेटीत. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करणारे रीळ आणि ओव्हन दोन्ही घालवतात. ॲसिटेटचं रीळ कधीच शेकायचं नाही.

नव्वदीतल्या लोकांकडे मात्र याच महिन्यात जा. दप्तर आणखी पाच वर्षं थांबेल, ती माणसं थांबणार नाहीत. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, फ्रीज आणि भिंतीवरचं घड्याळ बंद. एका बैठकीत तास-सव्वा तास. फोटो समोर ठेवा आणि फोटोचा क्रमांक मोठ्याने बोला, नाहीतर 'ही बघा माझी आत्या' एवढंच ध्वनिमुद्रणात राहतं. नॉर्वेजियन येत असेल तर बोलीतच सुरुवात करू द्या, इंग्रजीवर एकदा गाडी गेली की बोली परत येत नाही. टेबलावरची प्रार्थना, गुरांना हाका मारायचे शब्द, स्वयंपाकघरातली नावं, या गोष्टींनी बोली उघडते. 'नॉर्वेत कुठले?' विचारू नका, उत्तर 'बर्गनजवळचे' असं येतं आणि ते निरुपयोगी आहे. 'शेताचं नाव काय सांगायचे?' असं विचारा.

संमतिपत्रावर सही मुलाखतीच्या दिवशीच घ्या. १९७० च्या कॅसेटची संमतिपत्रं बहुधा नसतील. तेव्हा त्या मंडळात बसून ऐकायला ठेवा, घरच्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर चढवू नका.

फ्योर्डकाठ

वाचायचं कसं, हा प्रश्न दोन भागांत आहे: अक्षर आणि नाव. अक्षर सोपं आहे, घोटाळा नावात होतो.

अक्षर आधी. ते जुनं गॉथिक वळण आहे, मोडी शिकलेल्याला त्याची तऱ्हा ओळखीची वाटेल, हात न उचलता ओढत नेलेली. 'ई' चं अक्षर 'एन' सारखं दिसतं. 'यू' वर छोटा वळसा असतो, तो 'एन' पासून वेगळा ओळखायला दिलेला. 'एच' ओळीच्या खाली उतरतो. लांब 'एस' आणि 'एफ' मध्ये गफलत होते, तीच गफलत फ्राक्टुर, म्हणजे जुन्या गॉथिक ठशाच्या, छपाईत. ट्रान्सक्रिबससारखी यंत्रं नॉर्वेजियन हस्ताक्षर बऱ्यापैकी उतरवतात, पण नावं आणि गावं चुकवतात, म्हणजे नेमकं जे हवं ते. आधी एका माणसाची पाच-सहा पत्रं हाताने उतरवा आणि त्याच्या अक्षरांचा तक्ता करा.

तारखांत दोन सापळे. नॉर्वेजियन पत्रात ५/७ म्हणजे ५ जुलै. अमेरिकन स्वयंसेवक ते ७ मे वाचून तक्त्यात भरतात आणि मग जहाज येण्याआधीच पत्र आलेलं दिसतं. इथे आपल्या सवयीचा फायदा आहे. दुसरं, महिना '८ बर' असा लिहिलेला असेल तर तो ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. सप्त-अष्ट-नव-दश म्हणून बघा: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. चर्चच्या जुन्या वह्यांत तर तारखेऐवजी 'त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' असंही असतं. त्रिनिटीचा रविवार ईस्टरवरून ठरतो, म्हणून त्या वर्षाचा ईस्टर काढावा लागतो.

आता नाव. ओले हान्सेन हौगेन. ओले हे त्याचं नाव. हान्सेन म्हणजे हान्सचा मुलगा, आपल्या मधल्या नावासारखं. बहीण असेल तर हान्सदात्तर, आणि लग्नानंतरही नॉर्वेत ती हान्सदात्तरच राहते. हौगेन हे शेताचं नाव. आपल्याला वाटतं हे चिपळूणकर-सातारकरासारखं आडनाव झालं, पण चिपळूणकर साताऱ्याला राहायला गेला तरी चिपळूणकरच राहतो. नॉर्वेत शेत बदललं की नाव बदलायचं. घरजावई गेला तर बायकोच्या शेताचं नाव लागायचं. म्हणजे शेताचं नाव हा माणसाचा त्या वर्षीचा पत्ता. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्याने. तोवर लाखो लोक अमेरिकेत जाऊन बसले होते, आणि तिथे एका भावाने हान्सेन ठेवलं, दुसऱ्याने हौगेन, तिसऱ्याने हॅन्सन केलं. एकाच बापाची तीन आडनावं. म्हणून तुमच्या तक्त्यात नावासाठी एक रकाना पुरणार नाही. निदान चार करा: स्वतःचं नाव, बापाचं, शेताचं, आणि 'कागदावर जसं लिहिलंय तसं'. हा चौथा रकाना कधीही सुधारायचा नाही.

शेताच्या नावाला शेवटी 'आयए' (लिहिताना ई-आय-ई) जोडलेलं असेल, हौगेन-आयए, तर तो मालक नव्हे. त्या शेताच्या हद्दीत खोपट बांधून राहणारा कूळ-मजूर. ते शेपूट गाळून वंशावळीत आजोबांना जमीनदार केल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

आणि हौगेन म्हणजे नुसती 'टेकडी'. नॉर्वेत या नावाची शेकडो शेतं आहेत. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर, कळल्याशिवाय हे नाव म्हणजे 'वाडीवरचा बाळू'. पॅरिश कुठे मिळेल? तुमच्याच चामडी वह्यांत. नॉर्वेहून आलेले पाद्री तिकडच्या पद्धतीने वही ठेवायचे. सभासदांच्या, बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदीत पुष्कळदा नॉर्वेतला जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. अमेरिकन सरकारी कागदात नुसतं 'नॉर्वे' असतं. म्हणून बुरशीवाली वही सगळ्यात आधी वाचवा, पत्रांच्याही आधी.

पॅरिश हाती आला की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिजिटालआर्किव्हे फुकट आहे. १८६८ ला निघालेला माणूस १८६५ च्या जनगणनेत असायला हवा, आणि त्या जनगणनेत शेत, वय, जन्माचा पॅरिश, वर गुरं किती आणि बियाणं किती पेरलं तेही आहे. निघतानाची नोंद चर्चच्या वहीत 'बाहेर गेलेले' या यादीत असते. पोलिसांची स्थलांतरितांची नोंदवही क्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ओस्लोची १८६७ पासून आहे, बर्गनची १८७४ पासून. त्याआधीच्यांना तिथे शोधण्यात अर्थ नाही.

अमेरिकेच्या बाजूला सगळे आधी एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या ठाण्याच्या, नोंदींकडे जातात. ते सुरू झालं १८९२ ला. १८६८ चा माणूस न्यूयॉर्कला उतरला असेल तर त्याआधीचं ठाणं कॅसल गार्डन, पण बहुतेक शक्यता कॅनडातल्या क्वेबेकची. ब्रिटनचे नौकानयन कायदे १८४९ मध्ये रद्द झाल्यावर नॉर्वेची जहाजं माणसं क्वेबेकला उतरवून परतीला लाकूड भरून ब्रिटनला न्यायची. तिथून सरोवरांच्या वाटेने विस्कॉन्सिन, मिनेसोटा. पुढे वाफेच्या बोटी आल्यावर लोक हल-लिव्हरपूल मार्गे जायला लागले आणि नाव लिहिणारा इंग्रज कारकून आला. त्याने केलेली नावांची मोडतोड हा वेगळा विषय. १८९० ची अमेरिकन जनगणना १९२१ च्या आगीत बहुतेक सगळी गेली, त्या वर्षांसाठी तुमच्या चर्चच्या वह्या हाच आधार. होमस्टेडची, म्हणजे १८६२ च्या कायद्याखाली १६० एकर घेतल्याची फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मागवता येते. जमिनीसाठी नागरिकत्वाचा पुरावा जोडावा लागायचा, त्यामुळे तो कागदही आतच सापडतो.

महिला मंडळाची इतिवृत्तं कंटाळवाणी वाटतील, पण टाकू नका. शाळा, दवाखाना, मिशन, चर्चचा ऑर्गन, पैसा कुठून आला ते त्यांतच असतं. अडचण एवढीच की बायका तिथे 'मिसेस ओले हान्सेन' म्हणून येतात. स्वतःचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आईच्या रकान्यात मिळतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून जोडावं लागतं, आणि तेही वर्ष बघून, कारण पहिली बायको बाळंतपणात गेलेली असते आणि दुसरीही 'मिसेस ओले हान्सेन'च. इतिवृत्तांची भाषा कोणत्या सभेपासून इंग्रजी झाली त्यावर खूण करा. पहिल्या महायुद्धात परक्या भाषांवर दडपण आलं. शेजारच्या आयोवात तर गव्हर्नरने मे १९१८ मध्ये चर्चमध्ये आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय बोलायला बंदी केली. तो बदल कधी कधी एकाच पानावर दिसतो.

स्टॉकहोमची_सून

थोडं अवांतर. सासरच्या नात्यातल्या काही स्वीडिश कुटुंबांची इलिनॉयमधली पत्रं आहेत. वरचं सगळं स्वीडनला लागू पडतं का?

फ्योर्डकाठ

कागद आणि फितींचं सगळं लागू. शोधायची वाट वेगळी, आणि खरं तर सोपी. स्वीडनमध्ये पाद्री घराघरांत जाऊन धर्मज्ञानाची परीक्षा घ्यायचा, त्या 'हुस्फरहॉर' वह्यांत एका कुटुंबाची ओळ वर्षानुवर्षं चालू राहते: जन्म, लस, कुठून आले, कुठे गेले. शेवटी 'नॉर्थ अमेरिका' आणि तारीख. वह्या स्वीडिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर २०१८ पासून फुकट आहेत. शेताचं नाव सहसा नॉर्वेसारखं लागत नाही, पण सैनिकी नावं लागतात: एका तुकडीत दहा आंदर्सन नकोत म्हणून सैनिकाला 'मॉडिग', 'रास्क' असं छोटं नाव दिलं जायचं, ते मुलांपर्यंत कधी जायचं, कधी नाही. इलिनॉयमध्येच रॉक आयलंडला ऑगस्टाना कॉलेजात स्वेन्सन केंद्र आहे, स्वीडिश-अमेरिकन चर्चच्या नोंदींसाठी आधी तिथे विचारा. डॅनिश असेल तर कोपनहेगन पोलिसांच्या याद्या १८६९ पासूनच्या, आणि कागद द्यायला नेब्रास्कातल्या ब्लेअरचं डॅनिश अमेरिकन अभिलेखागार.

कागदवाली

'ठेवायचं कुठे' राहिलं. नोंदवह्या कुणाला देण्याआधी सिनॉडला, म्हणजे त्या भागातल्या लुथरन चर्चांच्या वरच्या संस्थेला, पत्र टाका. बंद झालेल्या चर्चच्या वह्या मंडळाच्या मालकीच्या असतीलच असं नाही. पत्रं, डायऱ्या यांच्यासाठी नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन आहे, १९२५ पासूनचं. पेटीसारख्या वस्तू आयोवात डेकोराला, व्हेस्टरहाइम संग्रहालयात. वंशावळीचं साहित्य विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनच्या नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळ केंद्रात. पण सगळीकडे वाटून टाकण्यापेक्षा एकाच जागी एकत्र द्या, निदान संपूर्ण यादी आणि स्कॅन प्रत्येकाकडे ठेवा. देताना दानपत्र करा आणि त्यात दोन गोष्टी वेगळ्या लिहा: कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क. पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकूर लिहिणाऱ्याच्या वारसांचा. अप्रकाशित पत्राचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, मृत्यूचं वर्ष माहीत नसेल तर लिहिल्यापासून १२० वर्षं. तुमची बरीचशी पत्रं यातून सुटतात, १९१० च्या आसपासची तपासावी लागतील.

मिनेसोटाकर

सगळ्यांचे आभार. वही वेगळी केली, कॅसेटचे कान मोडले, पहिल्या मुलाखतीची वेळ ठरवली. एक कोडं लगेच आलंय. पेटीवर 'ओले हान्सेन हौगेन १८६८'. चर्चच्या सभासदांच्या वहीत हौगेन नावाचा एकही ओले नाही, पण 'ओले हान्सेन बाकेन' आहे, आला १८६९ ला, पॅरिश नॉर्वेतल्या वाल्द्रेस खोऱ्यातला. लोक म्हणतात तोच तो. मानायचं का?

फ्योर्डकाठ

अजून नाही. पेटीवरचं साल निघाल्याचं असू शकतं, पेटी रंगवल्याचं असू शकतं, आणि पेटी बापाची असली तर माणूसच वेगळा. हौगेनहून बाकेनला राहायला जाऊन मग निघाला असेल तर नाव बदलणं अगदी नैसर्गिक आहे, पण बाकेन म्हणजेही नुसता 'चढ'. तीही शेकडो शेतं.

असं करा. वाल्द्रेसच्या त्या पॅरिशची शेतवार इतिहासाची पुस्तकं, बिग्देबोक म्हणतात, असतील तर त्यात हौगेन आणि बाकेन दोन्ही बघा. अमेरिकेतल्या वाल्द्रेसकरांचं मंडळ १८९९ पासूनचं आहे, असली पुस्तकं बघणारं कुणीतरी तिथे भेटतं. मग डिजिटालआर्किव्हेवर १८६५ च्या जनगणनेत त्या पॅरिशमधले सगळे ओले हान्सेन काढा. शेताच्या नावाने शोधू नका, वयाने गाळा. 'ओले' ऐवजी 'ओला' सुद्धा टाका. पाच-सहा उरतील.

त्यांच्यातून एक निवडायला नॉर्वेतल्या त्या पॅरिशच्या चर्चवहीतला दृढीकरणाचा (चर्चचा पूर्ण सभासद होण्याचा विधी) रकाना बघा, साधारण पंधराव्या वर्षीचा. डेन्मार्क-नॉर्वेत १८१० पासून देवीची लस घेतल्याशिवाय दृढीकरण आणि लग्न होत नसे, म्हणून पाद्री तिथे लस टोचल्याची तारीख आणि टोचणाऱ्याचं नाव लिहायचा. तीच तारीख नंतर लग्नाच्या नोंदीत येते. शेत बदलतं, आडनाव बदलतं, वयसुद्धा एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे होतं, लसीची तारीख मात्र दाखल्यावरून उतरवलेली असते. हौगेनवर दृढीकरण झालेला ओले आणि बाकेनहून लग्न करून निघालेला ओले, दोघांची लस एकाच दिवशी, एकाच माणसाने टोचलेली निघाली तर पेटीच्या यादीत 'ओले हान्सेन, हौगेन, नंतर बाकेन' असं लिहा. नाही निघाली तर दोन ओळी ठेवा, दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह.